मंत्रीसाहेब, आमच्या पोरांना पीएलसीचा प्रोग्राम वाचायला शिकवा

मा. कौशल्य विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांना सोलापूरहून नमस्कार.

साहेब, मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत मेन्टेनन्सला आहे, शिक्षण आयटीआय इलेक्ट्रिशियन, १९ वर्षं झाली या लाईनमधे. गेल्या महिन्यात एका टॉवेलच्या कारखान्यात सूत रंगवायचं मशीन रात्रपाळीला बंद पडलं. मोटर ओके, मोटरचा करंट चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर ओके, ओव्हरलोड ट्रिप नाही, पीएलसीची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरची, रनची लाईट पण चालू, तरी पंप काय स्टार्ट घेईना. आता पीएलसीवर २४ इनपुटच्या, म्हणजे सेन्सर-स्विचकडून येणाऱ्या सिग्नलच्या, बारीक लाईटी आहेत, त्यातली कुठली लागलेली पाहिजे आणि कुठली नको हे सांगणारं ड्रॉइंग कधीच हरवलेलं, त्यामुळे आम्ही चार जण टॉर्च घेऊन पॅनलसमोर नुसते उभे. पुण्याहून इंजिनिअर यायला दोन दिवस लागले. त्याने लॅपटॉपला केबल लावली, लॅडर, म्हणजे शिडीसारखं दिसणारं प्रोग्रामचं चित्र, ऑनलाईन बघितलं, एका ओळीत करंट जिथे अडकत होता तिथे बोट ठेवलं आणि म्हणाला ड्रेन व्हॉल्व बंद झाल्याचा सिग्नलच येत नाहीये. तो सिग्नल देणाऱ्या लिमिट स्विचचा दांडा वाकला होता, बस. दहा मिनिटांचं काम. तोपर्यंत आत अडकलेल्या लॉटचा शेड गेला तो गेलाच, आणि तिथल्या बायामाणसांचे दोन दिवसांचे खाडे झाले, ते कोण भरून देणार?

मला राग त्या इंजिनिअरचा नाही आला, तो शहाणा पोरगा होता. वाईट याचं वाटलं की त्याने स्क्रीनवर जे वाचलं ते मी पण वाचू शकलो असतो, कारण ते इलेक्ट्रिशियनचंच चित्र आहे. नॉर्मली ओपन, नॉर्मली क्लोज, कॉईल, होल्डिंग कॉन्टॅक्ट, सगळं मोटर थेट चालू करणाऱ्या डीओएल स्टार्टरच्या कंट्रोल वायरिंगसारखं. आणि ते तसं उगाच नाही. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचच्या, मोठमोठ्या पॅनलचा वैताग आला होता, गाडीचं मॉडेल बदललं की अख्खं वायरिंग परत करायचं, म्हणून त्यांनी असा कंट्रोलर मागितला की ज्याचं लॉजिक वायरी न उपसता बदलता येईल. त्यातून मॉडिकॉन ०८४ नावाचा पीएलसी आला, आणि त्याची भाषा लॅडर ठेवली ती रिलेवाल्या माणसाला वाचता यावी म्हणून. म्हणजे ही भाषा आमच्यासाठीच बनवलेली, आणि माझ्या आयटीआयच्या दोन वर्षांत ती मला एकदाही कुणी दाखवली नाही.

आज कोर्सात पीएलसीचा धडा थोडाफार येतो हे मला माहिती आहे. पण माझ्या भाच्याने पुण्यात खोली घेऊन, फी भरून एका कंपनीच्या पीएलसीचा क्लास केला, नंतर इकडे साखर कारखान्यात लागला तर तिथे पीएलसी दुसऱ्याच कंपनीचा. शिकला होता सिमेन्सवर, तिथे इनपुटला आय आणि आउटपुटला क्यू, समोर आला डेल्टा, त्यात एक्स आणि वाय, वर एक्स ७ नंतर डायरेक्ट एक्स १० येतो कारण मोजणी आठाची. पोरगं घाबरलं, म्हणलं मामा मला काहीच येत नाही. येत होतं सगळं, फक्त ब्रँड शिकवला होता, लॉजिक शिकवलं नव्हतं.

आणि यावर उपाय १९९३ पासून आहे साहेब. आयईसी ६११३१-३ नावाचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, त्यात पीएलसीच्या भाषा ठरवून दिल्यात. लॅडर, चौकोनी डबे जोडून काढायचा फंक्शन ब्लॉक, ओळी लिहून करायचं स्ट्रक्चर्ड टेक्स्ट, इन्स्ट्रक्शन लिस्ट आणि स्टेपवाला सिक्वेन्शियल फंक्शन चार्ट. त्यातली इन्स्ट्रक्शन लिस्ट २०१३ च्या आवृत्तीपासूनच जुनी म्हणून बाजूला काढायला सुरुवात झाली, पोरांचा वेळ तिच्यावर घालवू नका. बाकीच्या मात्र आपल्या जिल्ह्यात रोजच्या कामाच्या आहेत. साखर कारखान्यातलं बॅच सेंट्रीफ्युगल घ्या, म्हणजे गरागरा फिरवून साखर वेगळी करणारं मशीन, मॅसेक्विट (साखरेचे दाणे आणि पाक यांचं मिश्रण) भरा, स्पीड वाढवा, पाणी मारून धुवा, ब्रेक लावा, साखर खाली सोडा, ही एकामागून एक स्टेपची गोष्ट सिक्वेन्शियल चार्टमधे इतकी स्वच्छ दिसते की ऑपरेटरला पण समजावता येते. बॉयलरच्या ड्रमची पाण्याची लेव्हल फंक्शन ब्लॉकमधे, हिशोब-बिशोब असेल तर स्ट्रक्चर्ड टेक्स्ट. हे एकदा डोक्यात बसलं की कंपनी कुठलीही असो, पोरगं चार दिवसात नवीन सॉफ्टवेअरला सरावतं.

लॅबला पैसे नाहीत असं दरवेळी ऐकायला मिळतं. पण कोडेसिस नावाचं पीएलसीचा प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर फुकट डाऊनलोड होतं, त्यात सिम्युलेशन आहे, म्हणजे पीएलसी नसला तरी कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवून बघता येतो. ओपनपीएलसी तर पूर्ण ओपन सोर्स, रास्पबेरी पाय किंवा आर्डुइनोच्या छोट्या कॉम्प्युटर बोर्डावर चालतं. डेल्टाचं सॉफ्टवेअर पण फुकट मिळतं आणि त्यांचे पीएलसी आमच्या एमआयडीसीत गल्लोगल्ली आहेत. आज इथे काय चालतं तर पेन ड्राईव्हवरून फिरणारं क्रॅक सॉफ्टवेअर, आणि त्याच लॅपटॉपने चालू मशीनला हात लावायचा. २०१० साली स्टक्सनेट नावाचा व्हायरस सापडला तो असाच पेन ड्राईव्हवरून पसरत सिमेन्सच्या स्टेप ७ या पीएलसी प्रोग्रामच्या सॉफ्टवेअरमधे घुसणारा होता. हे पोरांना शिकतानाच कळायला नको का.

एक गोष्ट मात्र स्क्रीनवर शिकून होत नाही. चालू मशीनचा आउटपुट फोर्स केला, म्हणजे प्रोग्रामला डावलून जबरदस्तीने चालू केला, आणि समोर कुणाचा हात असला तर काय होतं, इमर्जन्सी स्टॉप नुसता प्रोग्राममधे टाकून का चालत नाही, तो हार्डवायरच, म्हणजे थेट वायरने जोडलेलाच, का लागतो, यासाठी पोरांच्या हातात खरा पीएलसी, खरे सेन्सर, खरा कॉन्टॅक्टर पाहिजे. तिथे पैसे वाचवू नका.

अजून एक. आमच्या पूर्व भागातली पोरं घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी, आणि मॅन्युअल सगळे इंग्रजीत. हुशार पोरगं पहिल्या पानावरच थांबतं. मराठीत एक साधं पुस्तक काढा, लॅडरला लॅडरच म्हणा, टायमरला टायमर, उगाच जड शब्द बनवू नका, फक्त समजावणं मराठीत असू द्या.

आयटीआयचा अभ्यासक्रम दिल्लीतून ठरतो हे मला माहीत आहे, त्याला वेळ लागेल. पण शॉर्ट टर्म कोर्स तर राज्याच्या हातात आहेत ना? संध्याकाळचा तीन महिन्यांचा कोर्स काढा, जे कामावर आहेत त्यांना पण येऊ द्या, माझ्यासारखे चाळिशीतले पण बसतील, आणि परीक्षा अशी घ्या की बंद पडलेलं मशीन समोर ठेवायचं आणि प्रोग्राम बघून बिघाड शोधायला लावायचा.

माझ्याकडे कंडम पॅनलमधून काढलेले दोन पीएलसी आहेत, चालू स्थितीत, सोबत पुशबटन, लॅम्प, चार-पाच प्रॉक्सिमिटी सेन्सर. लाकडी फळीवर बसवून ठेवलेत, रात्री त्याच्यावर मी स्वतः शिकतोय. विजापूर रोडच्या आयटीआयमधे रविवारी एक खोली उघडून द्यायला सांगा, मी फळी घेऊन येतो.

आपला,
एक मेन्टेनन्स इलेक्ट्रिशियन
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर