काकांची साक्ष तुम्ही नाकारलीत, त्याबद्दल

वकीलताई,
सप्रेम नमस्कार.

जानेवारीत तुम्ही नाशिक महापालिकेत नगरसेविका म्हणून निवडून आलात तेव्हा हार घेऊन आलेल्यांच्या गर्दीत मीही होतो. जवळ पोचलो, हार घातला आणि निघून आलो. जे बोलायचं होतं ते ढोल-ताशांत बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून हे पत्र, आणि चार लोकांनी वाचावं म्हणून उघड.

माझा धाकटा भाऊ २०१५ साली गेला. सातपूरच्या कंपनीतून सेकंड शिफ्ट करून येत होता. सिडकोत आमच्या गल्लीच्या तोंडाशी भांडण झालं आणि चाकू निघाला. तिघांवर खुनाचं कलम ३०२ लागलं. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात तुम्हाला पहिल्यांदा भेटलो तेव्हा मी पाकीट पुढे केलं होतं. तुम्ही त्याला हात लावला नाहीत. "मी तुमची वकील नाही, सरकार पक्षाची आहे. माझे पैसे सरकार देतं," म्हणालात. घरी सांगितलं तर आई घाबरली. म्हणाली, मग आपलं कोण?

तेव्हा आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. खुनाच्या खटल्यात फिर्यादीच्या बाजूने सरकारच लढतं, आपण खासगी वकील दिला तरी तो सरकारी वकिलाच्या हाताखाली मदतनीस म्हणून, हे तुम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या समजावून सांगितलंत. सरकारी वकील म्हटलं की लोकांना जळगावचे उज्ज्वल निकम आठवतात, १९९३चे बॉम्बस्फोट आणि २६/११चा खटला आठवतो. पण जिल्ह्याच्या सेशन कोर्टात रोज फायलींचा गठ्ठा घेऊन या कोर्टातून त्या कोर्टात पळणारा सरकारी वकील कुणी पाहत नाही. मी चार वर्षं पाहिला. तुमच्या फायलीत घटनास्थळाचा नकाशा घड्या पडून पडून फाटला होता, त्याला मागून चिकटपट्टी होती. एका संध्याकाळी तुम्ही आमच्या गल्लीत आलात आणि एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्यापर्यंत पावलं मोजलीत. मधला तुकडा काळोखाचा होता. आईने चहा ठेवला, तर "खटला संपेपर्यंत नको," म्हणून पाणीसुद्धा न घेता गेलात.

आता ते, ज्यासाठी हे पत्र लिहितोय. तिसऱ्या आरोपीला त्या अंधारात कुणी नीट पाहिलं नव्हतं. तेव्हा आमचे काका पुढे आले. मी पाहिलं म्हणून सांगतो, म्हणाले. त्या रात्री ते गावाला होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तरी मीच त्यांना तुमच्याकडे घेऊन आलो. तुम्ही त्यांना दोनच प्रश्न विचारलेत: कुठे उभे होतात, आणि घरी कुठल्या वाटेने गेलात. काका गडबडले. तुम्ही फाईल मिटलीत आणि माझ्याकडे पाहून म्हणालात, "जे पाहिलं नाही ते माझ्या कोर्टात कुणी सांगायचं नाही. तुमच्या भावासाठीसुद्धा नाही."

२०१९ मध्ये निकाल लागला. दोघांना जन्मठेप. तिसरा संशयाचा फायदा मिळून सुटला. मी कोर्टाच्या पायऱ्यांवर तुमच्याशी फार वाईट बोललो. तुम्ही त्याला सामील आहात, असंही म्हणालो. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. ताई, त्याची माफी मी आजवर मागितली नव्हती. आज मागतो.

निकालाची प्रत मी तीन वर्षं कपाटात ठेवून दिली होती. २०२२ मध्ये आईच्या दवाखान्याचे कागद शोधताना हाताला लागली आणि रात्री बसून वाचली. ज्या दोघांनी भांडण पाहिलं होतं, त्या साक्षीदारांवर न्यायाधीशांनी विश्वास ठेवला तो एकाच कारणाने. त्यांनी जेवढं दिसलं तेवढंच सांगितलं होतं, वाढवून काही नाही. उलटतपासात "अंधारात ओळखलं कसं?" हा प्रश्न आला तेव्हा एक जण सरळ म्हणाला होता, तिसऱ्याला नाही ओळखलं. त्या दोघांच्या शेजारी काका उभे राहिले असते आणि खोटे पडले असते, तर सगळा खटलाच डळमळला असता. आणि दुसरी गोष्ट वाचता वाचता कळली, ती जास्त जड आहे. तो तिसरा त्या रात्री तिथे होता की नव्हता, हे मला खरंच माहीत नाही. काकांनाही नव्हतं. त्याला आम्ही जन्मभरासाठी आत घालायला निघालो होतो.

मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं नाशिकला नगरसेवक नव्हते, प्रशासकांचा कारभार होता. निवडणूक लागली, आणि तुम्ही पदाचा राजीनामा देऊन अर्ज भरलात असं कळलं, तेव्हा मला आनंद झाला आणि काळजीही वाटली. चार सदस्यांचा प्रभाग, १२२ जणांचं सभागृह, त्यात साक्षीदाराला घरी परत पाठवणारं माणूस टिकेल का, असं वाटलं. मग फेब्रुवारीत तुम्ही पुन्हा आमच्या गल्लीत आलात. बरोबर विद्युत विभागाचे एक साहेब होते. तुम्ही त्याच दोन खांबांमध्ये पावलं मोजलीत. एकाने विचारलं, महिनाभरात दिवा लागेल ना ताई? तुम्ही म्हणालात, "प्रस्ताव दिलाय. महिन्यात होईल असं मी सांगणार नाही, कारण मला माहीत नाही." लोकांना ते आवडलं नाही, तोंडावर दिसत होतं. मला माझ्या गिरणीच्या दारात उभ्या उभ्या रडू आलं.

खांब अजून आलेला नाही. येईल तेव्हा येईल.

आई आता ७८ वर्षांची आहे. तुमचं नाव निघालं की ती एकच विचारते: त्या बाईंचा चहा राहिलाय ना? ताई, खटला संपला. कधीही या, सकाळी दहापर्यंत गिरणी बंद असते आणि आम्ही सगळे घरीच असतो.

तुमचा,
सिडकोतला गिरणीवाला भाऊ