हिप-हॉप अल्बमांची वार्षिक क्रमवारी वर्ष संपल्यावरच व्हावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात २०२४ मधील सर्वोत्तम दहा हिप-हॉप अल्बमांची क्रमवारी प्रसिद्ध झाली आणि २ फेब्रुवारी २०२५ च्या ग्रॅमी या अमेरिकी संगीत पुरस्कारांच्या सोहळ्यानंतर ती निवड कशी अचूक ठरली हे सांगणारे टिपणही त्याच पुरवणीत आले. मराठी वृत्तपत्राने या संगीतासाठी अर्धे पान खर्ची घालावे याचा मला मनापासून आनंद झाला. असे पान यापुढेही दरवर्षी यावे, अशी माझी इच्छा आहे. म्हणूनच त्या क्रमवारीचा पाया कोठे कच्चा राहिला, ते सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

क्रमवारीत पहिल्या स्थानावर अमेरिकी रॅपर केंड्रिक लमारचा ‘जीएनएक्स’ आहे. हा अल्बम २२ नोव्हेंबर रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता प्रसिद्ध झाला. म्हणजे आपली पुरवणी छपाईला गेली तेव्हा तो श्रोत्यांच्या हाती येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. अल्बम उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. चव्वेचाळीस मिनिटांच्या या बारा गाण्यांत लमारने लॉस एंजेलिसच्या नवख्या रॅपरांना आपल्या शेजारी उभे केले आहे आणि ‘मारियाची’ या मेक्सिकन लोकसंगीताची गायिका डेयरा बारेरा हिचा आवाज मधूनमधून असा वापरला आहे की त्या शहराचे मेक्सिकन अंग सहज जाणवावे. पण हा अल्बम पहिल्या दोन-चार आवर्तनांत हाती लागणारा नाही. ‘ग्लोरिया’ हे त्यातले शेवटचे गाणे ऐकताना आपण एका प्रेयसीबरोबरच्या जुन्या, भांडणे आणि रुसव्यांनी भरलेल्या नात्याची गोष्ट ऐकत आहोत असे वाटत राहते. ती प्रेयसी म्हणजे कवीची लेखणी आहे हे ध्यानात आले की गाणे पुन्हा पहिल्यापासून ऐकावे लागते, आणि मग आधीच्या अकरा गाण्यांतल्या बढाया आणि संतापही निराळे वाटू लागतात. अशा रचनेला दोन आठवड्यांत वर्षातील सर्वश्रेष्ठ ठरवणे हा तिच्यावरच अन्याय आहे, कारण तेवढ्या काळात आपण अल्बमापेक्षा त्याच्या येण्याचा गाजावाजाच अधिक ऐकलेला असतो.

ग्रॅमीनंतरच्या टिपणाने तर अधिकच घोटाळा केला. लमारच्याच ‘नॉट लाइक अस’ या गाण्याला पाच पुरस्कार मिळाले, म्हणून ‘जीएनएक्स’ला दिलेले पहिले स्थान योग्यच होते, असा त्याचा सूर आहे. हे गाणे ४ मे रोजी स्वतंत्रपणे आले. ते ‘जीएनएक्स’मध्ये नाही. शिवाय २०२५ च्या ग्रॅमीसाठी १६ सप्टेंबर २०२३ ते ३० ऑगस्ट २०२४ या काळात प्रसिद्ध झालेले ध्वनिमुद्रणच पात्र होते, त्यामुळे नोव्हेंबरमध्ये आलेला ‘जीएनएक्स’ किंवा ऑक्टोबरच्या अखेरीस आलेला, ‘टायलर, द क्रिएटर’ या नावाने गाणाऱ्या रॅपरचा ‘क्रोमाकोपिया’ त्या स्पर्धेत असणे शक्यच नव्हते. उलट, सर्वोत्तम रॅप अल्बमाचा पुरस्कार मिळालेली रॅपर डोईची हिची ‘अ‍ॅलिगेटर बाइट्स नेव्हर हील’ ही मिक्सटेप (अल्बमासारखाच, पण काहीसा अनौपचारिक गीतसंग्रह) ३० ऑगस्ट रोजी, म्हणजे पात्रतेच्या अगदी शेवटच्या दिवशी आली होती. ग्रॅमीचे वर्ष वेगळे, दिनदर्शिकेचे वर्ष वेगळे. एकाचा निकाल दुसऱ्याला पुरावा म्हणून जोडता येत नाही, आणि एका गाण्याचे यश संपूर्ण अल्बमाच्या खात्यावर जमा करता येत नाही. २०२४ मध्ये लमार आणि कॅनडाचा रॅपर ड्रेक यांच्यातील, गाण्यांतून एकमेकांवर तुटून पडण्याच्या वादाने इतकी जागा व्यापली की त्या वादातील गाणी हेच वर्षाचे हिप-हॉप, असा समज पसरला. तो समज दुरुस्त करण्याची संधी आपल्या क्रमवारीला होती.

क्रमवारीच्या चौकटीत ‘बिलबोर्डवरील कामगिरी विचारात घेतली आहे’ असेही म्हटले आहे. बिलबोर्ड या अमेरिकी नियतकालिकाच्या लोकप्रियतेच्या तक्त्यांत ती कामगिरी कशी मोजतात ते वाचकांना सांगायला हवे. २०१४ च्या डिसेंबरपासून बिलबोर्डच्या अल्बम-तक्त्यात इंटरनेटवर ऐकलेली गाणीही धरली जातात. सुरुवातीला अल्बमातील गाणी मिळून १५०० वेळा ऐकली गेली की एक अल्बम विकला गेला असे मानत. २०१८ मध्ये पैसे भरून ऐकणाऱ्यांसाठी १२५० आणि जाहिरातींसह फुकट ऐकणाऱ्यांसाठी ३७५० असे दोन दर झाले. या हिशेबात जितकी गाणी अधिक तितका फायदा अधिक. त्याच वर्षी आलेला ड्रेकचा ‘स्कॉर्पियन’ पंचवीस गाण्यांचा होता, हे विसरून चालणार नाही. उलट ज्याने मोजकी गाणी नीट विचारपूर्वक जुळवली आणि पूर्ण अल्बम सलग ऐकणाऱ्या थोड्या श्रोत्यांपर्यंतच ती पोहोचवली, तो या मोजणीत मागेच राहणार. तक्त्याला काय चालले ते कळते. काय चांगले आहे, हे सांगायचे काम समीक्षकाचे आहे, आणि आपल्या क्रमवारीने ते काम तक्त्यावर सोपवले.

याचा सर्वांत मोठा फटका बसला तो २०२४ मधील माझ्या मते सर्वश्रेष्ठ असलेल्या अल्बमाला. आपल्या दहांत त्याचा उल्लेखही नाही. ‘का’ या एकाक्षरी नावाने गाणारा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधील ब्राऊन्सव्हिल वस्तीचा रॅपर १२ ऑक्टोबर २०२४ रोजी वयाच्या बावन्नाव्या वर्षी वारला. तो न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलात नोकरीला होता आणि कॅप्टनच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला होता. ११ सप्टेंबर २००१ रोजी जागतिक व्यापार केंद्रावर हल्ला झाला तेव्हा मदतीला धावलेल्यांत तोही होता. नव्वदच्या दशकात एका गटातून गाऊन मागे पडलेल्या या माणसाने २००८ मध्ये ‘आयर्न वर्क्स’ हा पहिला स्वतंत्र अल्बम स्वतःच्या खर्चाने काढला आणि त्यानंतर नोकरी सांभाळत, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या आधाराविना, अल्बमामागून अल्बम केले. कधी बुद्धिबळ, कधी सामुराई, कधी ग्रीक पुराण, कधी बायबलातील केन अशा एकेका कल्पनेभोवती तो अख्खा अल्बम गुंफत असे, आणि त्या कल्पनेतून शेवटी ब्राऊन्सव्हिलमधील आपल्या बालपणाकडे येत असे. नव्या अल्बमाच्या प्रती तो अनेकदा रस्त्यावर उभा राहून स्वतः विकत असे. २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकाच्या पहिल्या पानावर त्याचे नाव झळकले, ते मात्र त्याच्या गीतांतील सुट्या ओळी उचलून त्याला पोलीसद्वेष्टा ठरवण्यासाठी.

त्याचा अखेरचा अल्बम ‘द थीफ नेक्स्ट टू जीझस’ ऑगस्टमध्ये आला. येशूच्या शेजारी क्रुसावर चढवलेल्या चोराची आठवण देणाऱ्या या अल्बमात त्याने अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती श्रद्धेला हात घातला आहे. गुलाम करणाऱ्यांनीच ज्यांच्या हाती बायबल दिले, त्या माणसांना पुढे तोच धर्म आधार कसा झाला आणि त्या आधाराने त्यांना लढायला शिकवले की सहन करायला, हा प्रश्न तो कोणावरही आवाज न चढवता विचारत जातो. संगीताची बैठक जुन्या गॉस्पेल, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगीतांच्या, ध्वनिमुद्रिकांच्या तुकड्यांची आहे. हिप-हॉपमध्ये ज्याच्याशिवाय भागत नाही असे आपण समजतो तो ड्रमचा ठेका येथे कित्येकदा जवळजवळ नसतोच, आणि त्याचा कुजबुजीच्या जवळचा खालचा आवाज एका तुटक ऑर्गनवर किंवा समूहगायनाच्या एका लकेरीवर तोल सांभाळत चालतो. श्रद्धेवर प्रश्न विचारणाऱ्या ओळीखाली श्रद्धेचेच गाणे चालू असते आणि त्या गाण्याचे सौंदर्य तो कोठेही कमी होऊ देत नाही. लयीसाठी ढोल नसला की शब्दांतील यमके आणि अंतर्यमकेच ताल धरतात, हे ऐकायचे असेल तर या अल्बमाइतके चांगले उदाहरण मला गेल्या कित्येक वर्षांत सापडलेले नाही. असा अल्बम कोणत्याही तक्त्यात दिसणार नाही; तो दिसावा म्हणूनच तर जाणकारांच्या क्रमवारीची गरज असते.

डोईचीबद्दल आपल्या पुरवणीने पुरस्कारानंतर लिहिले, आधी नाही. सर्वोत्तम रॅप अल्बमाचे ग्रॅमी मिळवणारी ती तिसरी स्त्री. तिच्याआधी १९९७ मध्ये फ्युजीज गटातील लॉरिन हिल आणि २०१९ मध्ये कार्डी बी. हे नोंदवणे योग्यच आहे, पण तिच्या गाण्याविषयी टिपणात एकही वाक्य नसावे याचे वाईट वाटते. ‘डिनायल इज अ रिव्हर’मध्ये ती स्वतःच्याच मनातील आवाजाशी गप्पा मारते. प्रियकराने केलेली फसवणूक, मग अचानक आलेले यश, मग नशेच्या सवयी, असे एकेक प्रकरण तो आवाज तिच्याकडून काढून घेतो, ती हसत हसत टाळत राहते, आणि शेवटी मन शांत करण्यासाठी घेतलेले श्वासच तालात येऊन गाण्याचा शेवट करतात. नाट्य, विनोद आणि वेदना एका दमात साधणारी ही कारागिरी डिसेंबरमध्येही तेवढीच स्पष्ट होती.

गाजल्यानंतरच दखल घेण्याचा हा प्रकार आपल्याकडेही घडला आहे. पुण्याच्या ताडीवाला रोड परिसरातून आलेल्या रॅपर एमसी स्टॅनने २०२० मध्ये ‘तडीपार’ आणि २०२२ मध्ये ‘इन्सान’ असे दोन अल्बम काढले. तरी बहुसंख्य मराठी वाचकांना तो कळला तो २०२३ मध्ये दूरचित्रवाणीवरील ‘बिग बॉस’ जिंकल्यावर. त्या अल्बमांचे गुणदोष सांगणारे लेखन मराठीत मला फारसे वाचायला मिळाले नाही.

क्रमवारी कशी करावी याचा एक चांगला नमुना ‘व्हिलेज व्हॉइस’ या न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाने समीक्षक रॉबर्ट क्रिस्टगाउ यांच्या पुढाकाराने कित्येक दशके चालवला. देशभरातील समीक्षकांकडून वर्षअखेरीस मते मागवली जात आणि निकाल नव्या वर्षात छापला जाई. प्रत्येकाला दहा अल्बमांत १०० गुण वाटायचे असत. एकाला ३० पेक्षा जास्त नाहीत आणि ५ पेक्षा कमी नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या अल्बमात मतदाराला किती अंतर वाटते, हे त्यातून कळे. याच पद्धतीने १९८८ मध्ये पब्लिक एनिमी आणि १९८९ मध्ये डे ला सोल या हिप-हॉप गटांचा अल्बम सर्व प्रकारच्या संगीतात पहिला आला होता. आपल्या पुरवणीने पुढील वर्षी जानेवारीच्या अखेरीस पाच-सात जाणत्या श्रोत्यांकडून अशी मते मागवावीत आणि कोणी कोणाला किती गुण दिले, ते नावानिशी छापावे, अशी माझी विनंती आहे.

२०२४ साठी माझे १०० गुण असे आहेत: ‘का’ला २२, डोईचीला १६, लमार आणि टायलर यांना प्रत्येकी १२, हैतीची क्रिओल भाषा इंग्रजीत मिसळून गाणाऱ्या आणि चेहरा झाकूनच वावरणाऱ्या माख-होमीच्या ‘रिचअ‍ॅक्सहेशन’ला ९, रॅप्सडीच्या ‘प्लीज डोन्ट क्राय’ला ८, व्हिन्स स्टेपल्सच्या ‘डार्क टाइम्स’ला ६, आणि कॉमन व पीट रॉक यांचा ‘द ऑडिटोरियम’, स्कूलबॉय क्यूचा ‘ब्लू लिप्स’ आणि रॉक मार्सियानोचा ‘मार्सिऑलॉजी’ यांना प्रत्येकी ५. लमार आणि टायलर यांना मी समान गुण दिले, कारण टायलरच्या अल्बमात त्याच्या आईचा आवाज येतो आणि ‘लाइक हिम’ या गाण्यात न पाहिलेल्या वडिलांविषयीची त्याची समजूत ती एका कबुलीने पालटते, ती जागा मला ‘ग्लोरिया’च्या तोडीची वाटते. आपल्या क्रमवारीत ‘क्रोमाकोपिया’ नववा होता. तो नववा का, हे त्या समीक्षकांकडून वाचायला मला खरोखर आवडेल.

आपला,
एक नियमित वाचक,
सोलापूर