पटवर्धनांची चित्रे म्हणजे दस्तावेज नव्हे

चित्रकार सुधीर पटवर्धन यांच्यावरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. लेख माहितीपूर्ण आहे. मात्र त्यांची चित्रे म्हणजे ‘मुंबई-ठाण्याचा दस्तावेज’ हा त्यातील निष्कर्ष पटला नाही. दस्तावेजाला छायाचित्र पुरते. पटवर्धन पाहिलेले जसेच्या तसे उतरवत नाहीत, रचतात. ‘लोअर परळ’ (२००१) या चित्रात एकाच ठिकाणी उभे राहून दिसेल असे दृश्य नाही, अनेक बाजूंनी पाहिलेले शहर तिथे एका चौकटीत बसवले आहे. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) या तैलचित्रातही हॉटेलापेक्षा माणसाच्या देहाचे वजन आधी जाणवते. अमूर्त चित्रकलेचा दबदबा असताना मनुष्याकृतीला धरून राहणे ही त्यांची जाणीवपूर्वक निवड होती. १९८१च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख या चित्रकारांबरोबर ते होते, याचा लेखात उल्लेखही नाही. त्याउलट क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून २००५पर्यंत केलेल्या कामावर दोन परिच्छेद! चित्रकाराची दखल घेताना त्याचा व्यवसाय सांगावा जरूर, पण रंग, रचना आणि अवकाश यांविषयीही चार ओळी हव्या होत्या.

— एक वाचक, ठाणे