आईला नाडी मोजू देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

आई गेल्यापासून भेटायला येणारा जो तो म्हणतो, "सुटली बिचारी." मला ते ऐकवत नाही. शेवटच्या दिवसांत ती बिचारी नव्हती, आणि ते केवळ तुमच्यामुळे. तेवढं सांगण्यासाठीच हे पत्र.

तुम्हाला ती रिटायर्ड नर्स एवढीच माहीत होती. काचेच्या सिरिंजा उकळून वापरायच्या त्या काळात ती नोकरीला लागली. नाइट करून आली तरी आम्हाला शाळेत पोचवल्याशिवाय आडवी व्हायची नाही. आम्हाला ताप आला की कपाळाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे चोळून गरम करायची. आजारी माणसाला गार हात लावायचा नाही, हा तिचा नियम घरातही चालायचा. नाडी बघायला तिनेच शिकवलं: तीन बोटं टेकवायची, अंगठा लावायचा नाही. अंगठ्याला स्वतःचे ठोके असतात, आणि मग आपलीच नाडी पेशंटची म्हणून मोजली जाते.

तुमच्याकडे येण्याआधी ती जिथे होती, तिथलं आठवलं की अजून संताप होतो. टाच जळजळते, असं ती सारखी सांगत होती. "दाबून बघा, लाली जाते का," हेही तिनेच सांगितलं. दाबल्यावरही लाली गेली नाही तर बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, हे तिने कितीतरी नव्या मुलींना शिकवलं होतं. तिथे कुणी बोट लावलं नाही. "आजी फार बोलतात," एवढंच ऐकायला मिळालं. पुढे ती भ्रमात जवळ येईल त्याचं मनगट पकडायला लागली, तर सलाईन ओढेल म्हणून हात कॉटला बांधले. स्टाफ अपुरा असतो, हे मला कळतं, नर्सच्या घरात वाढले आहे. पण टाच दाबून बघायला किती वेळ लागतो?

तुम्ही पहिल्याच दिवशी पोटरीखाली उशी सरकवून तिची टाच अधांतरी ठेवलीत. त्याचे आभार आहेतच. पण माझ्या मनात घर करून राहिलंय ते दुसरंच.

तिने तुमचंही मनगट धरलं. हातात ट्रे, पलीकडून कुणीतरी हाक मारत होतं. मी तिची बोटं सोडवायला पुढे झाले, तर तुम्ही मानेनेच नको म्हणालात. ट्रे खाली ठेवलात आणि हात तसाच तिच्या हातात राहू दिलात. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. तीन बोटं बरोबर जागेवर होती, अंगठा बाजूला. ती धडपड नव्हतीच, ती राउंडवर होती! पुरा मिनिट गेल्यावर तुम्ही विचारलंत, "किती भरली, सिस्टर?" डोळे न उघडता आई म्हणाली, "ब्याऐंशी. पळापळ कमी करा जरा." कित्येक दिवसांत तिच्या तोंडून धड वाक्य आलं नव्हतं. त्यानंतर प्रत्येक ड्युटीच्या सुरुवातीला तुम्ही तिच्यापुढे हात धरत राहिलात, ती बोलेनाशी झाल्यावरसुद्धा.

सिसिली सॉन्डर्स यांचं नाव आई फार आदराने घ्यायची. आधी नर्स, पुढे डॉक्टर झालेल्या या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटची काळजी घेणारं रुग्णालय, सुरू केलं. मरणाऱ्या माणसाचं दुखणं नुसतं शरीराचं नसतं, असं त्या सांगत. आपलं आता कुणाला काही काम उरलं नाही, हेही दुखणंच. आईच्या त्या दुखण्यावर औषध तुमच्याकडे निघालं. चांगुलपणा माणसात असतोच, पण अंगावर दहा कामं असताना तो शाबूत ठेवणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

आईचं सेकंदकाट्याचं घड्याळ तुमच्याकडे असावं, असं आम्हा भावंडांना वाटतं. नियमाप्रमाणे तुम्हाला घेता येत नसेल तर वॉर्डासाठी ठेवून घ्या. सेल नवीन घातला आहे.

तुमच्या पेशंटची मुलगी