मोळी आणि बूट

डॉर्चेस्टर, इंग्लंड

तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज रात्रपाळीहून आल्यावर ऐकला. मागे कावळे ओरडतायत, कुणीतरी रातांबे कुठे ओतू म्हणून विचारतंय, आणि तू चिऊवर तापलेली. ‘श्यामची आई’त आई श्यामला अस्पृश्य म्हातारीची मोळी उचलून द्यायला आणि मग घरी येऊन आंघोळ करायला सांगते, तिथे तुझी नात वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, ‘आजी, मोळी उचलून दे म्हणाली ते ठीक, पण मग आंघोळ कशाला?’ तू म्हणालीस, त्या काळात एवढं केलं हेच खूप. तर ती म्हणते, ‘खूप कोणाला?’ आता निवाडा मी द्यायचा म्हणे. देते, पण दोघींनाही आवडणार नाही.

आधी तुझी बाजू. साने गुरुजींचं पालगड तुमच्याच तालुक्यातलं, त्यामुळे ती आई तुला घरातली वाटते, आणि घरातल्या माणसाला कुणी बोललेलं आपल्याला खपत नाही. पण बघ, साने गुरुजींनी हे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आंघोळीचं वाक्य त्यांनी गाळलं असतं तर कुणाला कळणार होतं? आई आणखी मोठी दिसली असती. त्यांनी ते ठेवलं. म्हातारीची दया येणारी बाई आणि विटाळ मानणारी बाई एकच आहे, हे त्यांनी झाकलं नाही. आणि हेच गुरुजी 1947 साली विठ्ठलाचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून पंढरपुरात उपोषणाला बसले. म्हणजे आईनं जे अर्धं केलं ते अर्धं होतं, हे लेकाला पक्कं ठाऊक होतं. तू मात्र त्यालाच पूर्ण म्हणतेस, तिथे तुझं चुकतं.

आता चिऊ. ती आईचा न्याय करायला बसली, ते वय तसंच असतं, बसू दे. पण ‘खूप कोणाला’ विचारल्यावर तिनं म्हातारीमागून जायला हवं होतं, ते ती गेली नाही. म्हातारी मोळी घेऊन जाते आणि पुस्तकातून संपते. तिला नाव नाही, घर नाही, त्या मुलाबद्दल तिचं काय मत झालं तेही नाही. ते मत वाचायचं तर 2003 साली आलेलं दलित लेखिका उर्मिला पवारांचं आत्मकथन ‘आयदान’ दे तिला. त्यांच्या गावच्या, फणसवळ्याच्या बाया डोक्यावर लाकडाच्या मोळ्या, गवताचे भारे घेऊन डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला निघतात, तिथूनच ते सुरू होतं. तीच मोळी, पण आता मोळीखालचं डोकं बोलतंय. त्या बाया दमतात, एकमेकींना चिडवतात, शिव्या देतात. कुणी दया करावी म्हणून वाटेत बसून राहिलेल्या नाहीत.

मला हे सगळं आत्ताच का सुचतंय ते सांगते. हे गाव इंग्रज कादंबरीकार थॉमस हार्डीचं. बाप गवंडीकाम करणारा, आणि लेक एवढा मोठा झाला की 1928 साली गेल्यावर राख लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरली आणि हृदय इथल्या स्टिन्सफर्डच्या चर्चच्या आवारात. मरणानंतरही दोन ठिकाणी वाटणी! इथल्या लायब्ररीत आम्ही काही जणी त्याची ‘टेस’ वाचतोय. 1891 ची कादंबरी. गरीब घरातल्या टेसला एक पैसेवाला फसवतो, तिला मूल होतं आणि ते आजारी पडतं. आमच्यातल्या एकजात सगळ्या म्हणाल्या, चर्चचा दोष. मला तसं वाटलं नाही.

मूल रात्री मरायला टेकतं. पाद्र्याला बोलवायचं, तर टेसचा बाप दाराला कुलूप लावून बसलेला. का? तर आपण मूळचे डर्बरव्हिल, मोठ्या सरदार घराण्यातले, हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं. त्या घराण्याची अब्रू बाहेरच्यानं येऊन बघायची नाही. खायला मोताद, पण घराणं! शेवटी टेस धाकट्या भावंडांना उठवून गुडघ्यावर बसवते आणि हात धुण्याच्या भांड्यातल्या पाण्यानं बाळाचा बाप्तिस्मा स्वतः करते. मूल जातं. मग ती पाद्र्याला गाठून विचारते, तुम्ही केला असता तसाच हा धरला जाईल ना? त्याचं मन विरघळतं, हो म्हणतो. पण रीतसर पुरायला नाही म्हणतो. तेव्हा पोरगी तिथे काय बोलते ते वाच, मी सांगत नाही. बाळ पुरलं जातं ते रात्री, कंदिलाच्या उजेडात, दारुडे आणि जीव दिलेले लोक पुरतात त्या कोपऱ्यात. त्या पाद्र्याला मनातून कळतंय आणि नियमही सोडवत नाही. ओळखीचा वाटला की नाही?

पण पाद्र्याहून मला बुटांचा प्रसंग जास्त लागला. नवरा टाकून गेल्यावर टेस सासऱ्याकडे मदत मागायला मैलोन् मैल चालत जाते. सासरा पाद्री, कडक. गावाशी आल्यावर चालायचे जाड बूट ती कुंपणात लपवते आणि चांगले पातळ बूट घालते. माझी आईही बसमधून उतरायच्या आधी साध्या चपला पिशवीत कोंबायची, आठवतं? तर टेसचे दीर आणि त्यांच्याबरोबरची एक धार्मिक बाई वाटेनं जातात, त्यांना बूट दिसतात. कुणा लबाड भिकाऱ्यानं अनवाणी येऊन कीव मिळवायला लपवले असतील, असं म्हणतात, आणि एखाद्या गरिबाला देऊ म्हणून ती बाई ते उचलून नेते. गरिबाचे बूट घेऊन गरिबाला दान! टेस ते ऐकते आणि सासऱ्याला न भेटताच परत फिरते. हार्डी तिथे सांगतो की तिनं सासऱ्याची किंमत त्याच्या मुलांवरून केली. म्हातारा-म्हातारी तर अशा बुडालेल्या माणसाला आधी जवळ करणारी होती. मला हा हार्डी फार आवडला, कारण तो आपल्या लाडक्या पोरीलाही सोडत नाही.

आणि नवरा? त्यानं धर्म सोडलेला, सुधारक विचारांचा. लग्नाच्या रात्री आपलं जुनं लफडं सांगतो, टेस त्याला माफ करते. तिनं आपलं सांगितल्यावर मात्र ‘मी जिच्यावर प्रेम केलं ती तू नव्हेस’. वर तिच्या पडक्या घराण्याचं रक्तच कमकुवत म्हणतो. काल तेच डर्बरव्हिल नाव आपल्या आईपुढे मिरवायचा त्याचा बेत होता. म्हणून चर्चचा दोष म्हणून मोकळं होणं मला पटेना. इथे सगळ्यात निष्ठुर न्याय केला तो ज्यानं धर्म सोडला होता त्यानं.

आपल्याकडेही तेच आहे बघ. विधवेशी लग्न केलं म्हणून 1893 साली मुरुडनं कर्व्यांना वाळीत टाकलं, नाव धर्माचं. पण पेंडशांच्या ‘गारंबीचा बापू’मध्ये, 1952 चं आहे ते, अण्णा खोताला बापू सलतो तो फक्त राधेशी त्याचं जुळलं म्हणून का? ज्याला आपल्यापुढे वाकायची सवय असायला हवी तो ताठ उभा राहतो, हे खरं दुखणं. खोतांची वतनदारी 1949 च्या कायद्यानं गेली होती, पण ओटीवरच्या माणसाच्या मनातून जायला वेळ लागतो.

आता रागावणार असलीस तरी लिहिते. तुमच्या पडवीच्या कोनाड्यात कान तुटलेली कपबशी पालथी असायची, आगरात सुपारीचे बेडे वेचायला येणाऱ्या बाईची. तिला चहा वरून ओतायचात. आणि त्याच बाईचा मुलगा तापानं फणफणला तेव्हा काकांनी रात्री गाडी करून त्याला दापोलीला नेलं, पैसेही घेतले नाहीत. मी दोन्ही पाहिलंय, चिऊनं कपबशीबद्दल ऐकलं असणार. तिचा प्रश्न पुस्तकातल्या आंघोळीपुरता आहे असं मला वाटत नाही. तिला ओरडू नकोस. गाडीचंही सांग, कपबशीचंही सांग, आणि काही सारवासारव करू नकोस.

‘आयदान’ दापोलीत मिळालं नाही तर रत्नागिरीला सांगून मागव, पैसे दादा देईल. आमसुलं यंदा पाठवू नकोस, मागची अजून आहेत. कुळथाचं पीठ मात्र संपलं. काकांना साष्टांग नमस्कार.

तुझी,
छोटी

ता. क. चिऊला हे पत्र वाचायला दे. तिच्याबद्दल लिहिलेलं आधी.