तुझ्या वर्गाबद्दल

चि. अमोघ, अनेक आशीर्वाद.

रविवारी माझा आवाज चढला आणि तू 'मीटिंग आहे' म्हणून फोन ठेवलास. रविवारी कसली रे मीटिंग? असो. स्वीडिशचा विषय काढणार नाही, असं तुझ्या आईला कबूल करून लिहायला बसलोय.

स्वीडनमध्ये तुम्हा दोघांत मिळून 480 दिवसांची पालकरजा, त्यातले 90 दिवस फक्त बापाचे, हे सोसायटीत सगळ्यांना सांगून झालंय. नाईक म्हणाले, 'फुकट पगार!' म्हटलं, फुकट कसला, पोरगा कर भरतो. गोथेनबर्गला भरदुपारी बाबागाडी ढकलणारे बाप पाहिले, त्यात माझा मुलगा. छाती फुगली.

पण ती तळघरातल्या, सगळ्या इमारतीच्या धुण्याच्या खोलीतली चिठ्ठी. तुझी वेळ संपली तरी कपडे मशीनमध्येच, म्हणून कुणी दाराला चिकटवलेली. तू मोबाइल धरून अर्थ लावलास, 'खडूस लोक' म्हणालास आणि चुरगाळून टाकलीस. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं अक्षर आहे, हेही तूच सांगितलंस. मग दार वाजवून दोन शब्द बोलायचे! तीन वर्षं त्याच इमारतीत राहतोस आणि ओळखी सगळ्या मराठी मंडळातल्या. नगरपालिका एसएफआयचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांना स्वीडिश शिकवणारा वर्ग फुकट चालवते, तो तू अर्ध्यावर सोडलास. सूनबाई कल्याणी जाते, म्हणून बालवाडीतल्या बाईंशी तीच बोलते. 'ऑफिसात इंग्रजी चालतं.' चालतं, ऑफिस आहे तोवर.

हुबळीला माझी बदली झाली तेव्हा तू तिसरीत होतास. गल्लीत गोट्या खेळता खेळता कानडी उचललंस. आई भाजी घ्यायला तुला बरोबर न्यायची, आणि तू घासाघीस करून वर कोथिंबीर मागून घ्यायचास. तो पोरगा कुठे गेला?

बघ, परत भाषण सुरू झालं. रागावू नकोस. मोटारींच्या कारखान्यांतल्या नोकरकपातीच्या बातम्या वाचतो, आणि वर्क परमिटवरची नोकरी गेली की दुसरी शोधायला थोडेच महिने, हे डोक्यातून जात नाही. बेकारी भत्ता देणाऱ्या ए-कासा या निधीचं सभासदत्व आपोआप मिळत नाही, वर्गणी भरून घ्यावं लागतं म्हणे. घेतलंस का? बँकेत असताना युनियनची वर्गणी मी कधी थकवली नाही.

ते या आठवड्यात करून टाक आणि कळव. वर्ग संध्याकाळचेही असतात, असं कल्याणी म्हणत होती. पण ते राहू दे.

तुझा,
बाबा