उष्णता उष्णता म्हणूनच वापरा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोध्र्याजवळच्या टुव्याच्या गरम कुंडांचा विषय निघाला की बडोद्यात पहिला प्रश्न ठरलेला: "यातून वीज किती होईल?" माझी सगळी नोकरी नंदेसरीला बॉयलर हाऊसमध्ये गेली. हा प्रश्न ऐकला की मला राहवत नाही.

समजा, जमिनीतून 70 अंशांचं पाणी मिळालं आणि बाहेर आपला 35 अंशांचा दिवस आहे. त्या उष्णतेतला फार तर दहावा हिस्सा विजेत बदलता येतो, कितीही भारी यंत्र आणा. प्रत्यक्षात हाती लागतो त्याच्या निम्मा, आणि पंपही त्याच विजेवर चालवायचे. म्हणजे 100 युनिट उष्णतेमागे जेमतेम 5 युनिट वीज. विजेचा भाव उष्णतेच्या दुप्पट धरला तरी 100 च्या उष्णतेतून माल 10 चाच झाला.

तेच पाणी हीट एक्स्चेंजरमधून फिरवा आणि त्याची उष्णता फीड टँकला, म्हणजे बॉयलरला पाणी पुरवणाऱ्या टाकीला द्या. आमच्या प्लांटात वाफ थेट मालात सोडत, त्यामुळे कंडेन्सेट, म्हणजे वाफ निवून झालेलं गरम पाणी, टाकीत परत यायचंच नाही. थंडीत पहिल्या पाळीला टाकीतलं पाणी 22 अंशांवर असे. फीड वॉटर 6 अंशांनी तापलं की इंधन साधारण 1 टक्का वाचतं, हे कुठलाही अटेंडंट सांगेल. 22 चं 58 केलं, तर 6 टक्के गॅस वाचला, तोही रोज, तिन्ही पाळ्यांत.

लडाखच्या पुगाला खोलवर जबर उष्णता आहे, तिथे वीज जरूर करावी.

खरी अडचण अंतराची. वीज तारेवरून कुठेही जाते, गरम पाण्याच्या पाइपलाइनचा खर्च मात्र अंगावर येतो. आइसलँडची राजधानी रेक्याविकने 27 किलोमीटरवरून पाणी आणलं, पण तिथे अख्खं शहर त्यावर घरं तापवतं. आपलं गिऱ्हाईक कारखाना, म्हणून विहीर त्याच्या दाराशी हवी. आणि ती आहे! अंकलेश्वरला 1960 साली तेल सापडलं. तिथल्या तेलविहिरी आणि औद्योगिक वसाहत शेजारीशेजारी आहेत. अंकलेश्वर ज्यात येतं त्या खंभातच्या खोऱ्यात अडीच-तीन किलोमीटर खोलीवर तापमान 100 अंशांच्या वर जातं. सगळ्यात मोठा खर्च खोदाईचा, तो तिथे आधीच झालेला आहे. नळ्यांवर क्षारांचे थर बसतील, वापरलेलं पाणी परत जमिनीत सोडावं लागेल. ही कामं आपल्या फिटर लोकांना जमण्यासारखी आहेत.

तेव्हा कारखान्यांपासून दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या बंद विहिरी कोणत्या, त्यांच्या तळाचं तापमान किती आणि पाणी किती येतं, ही यादी ओएनजीसीने जाहीर करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक निवृत्त बॉयलर इंजिनिअर
दांडिया बाजार, बडोदे